अरुणांना विचारले कोणी?

२७ नोव्हेंबर १९७३ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर हल्ला झाला. मेंदूला इजा झालेल्या अवस्थेत त्या १८ मे २०१५ रोजी मृत्यू येईपर्यंत तिथेच होत्या. दयामरणाची आपल्याकडची चर्चा त्यांच्या नावाशी कायमची जोडली गेली. मात्र सर्वोच्च न्यायालयाचा ७ मार्च २०११ चा निकाल आज वाचताना जाणवते, की अरुणांची इच्छा काय, यापेक्षा त्यांच्या वतीने बोलायचे कोणी, हाच वाद तिथे निर्णायक ठरला. पिंकी विरानी यांनी त्यांना अन्न देणे थांबवावे, अशी याचिका केली होती. न्यायालयाने वर्षानुवर्षे शुश्रूषा करणाऱ्या केईएमच्या कर्मचाऱ्यांनाच त्यांचे आप्त मानले आणि याचिका फेटाळली. सेवेचा हा सन्मान उचितच होता. पण सेवेतून माया सिद्ध होते, रुग्णाची इच्छा नव्हे. अरुणांचा शब्द दोन्ही बाजूंकडे नव्हता.

‘कॉमन कॉज’ खटल्यात ९ मार्च २०१८ रोजी घटनापीठाने ही उणीव हेरली. सन्मानाने मरणे हा अनुच्छेद २१ खालचा हक्क ठरला आणि वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता मिळाली. २४ जानेवारी २०२३ रोजी दंडाधिकाऱ्याच्या सहीची अट गेली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेसे झाले. औषध टोचून मरण देणे आजही गुन्हाच आहे. मुभा आहे ती फक्त जीव लांबवणारे उपचार न देण्याची किंवा थांबवण्याची.

हा निकाल आता शहापूर तालुक्यातल्या वाशिंदला लावून पाहू. इच्छापत्राची प्रत ग्रामपंचायतीपर्यंत पोहोचावी, ही तरतूद निकालातच आहे. पण निर्णयासाठी तीन-तीन डॉक्टरांची दोन मंडळे लागतात आणि ती मोठ्या रुग्णालयातच जमू शकतात. गंभीर रुग्णाला घेऊन इथली माणसे कल्याण, ठाणे, मुंबई गाठतात. पैसे संपले की ‘घरी नेतो’ म्हणून सही करतात. उपचार इथेही थांबतात, पण कोणत्याही मंडळापुढे हा प्रश्न जात नाही. अंथरुणावरचा म्हातारा ‘पोरांवर भार नको’ म्हणतो, तेव्हा बोलते कोण? तो, की रुग्णालयाचे बिल?

माझा आक्षेप इथे आहे. निकालाने इच्छा नोंदवण्याची सोय केली. ती मोकळेपणाने ठरवता येईल, अशी परिस्थिती निर्माण करणे शासनाचे काम होते. घराजवळ परवडणारे उपचार आणि अखेरच्या दिवसांत वेदना शमवणारी सेवा मिळत नसेल, तर ‘नको’ या शब्दाला स्वायत्तता म्हणणे ही फसवणूक होईल.

तरीही एक गोष्ट आपल्या हातात उरते. आई-वडील धडधाकट असताना ओटीवर बसून त्यांना विचारावे, ‘तुम्हाला काय हवं, काय नको?’ अभद्र बोलू नये म्हणून आपण हा विषय टाळतो आणि मग त्यांच्या उशाशी बसून आपसांत भांडतो. अरुणांना विचारायची संधी कोणालाच मिळाली नाही. आपल्याला ती आहे.