‘बनगरवाडी’ : कादंबरी ते चित्रपट – माध्यमांतरातील निष्ठेचा प्रश्न

प्रस्तावना

साहित्यकृतीवर चित्रपट निघाला की मराठी वाचकाची पहिली प्रतिक्रिया बहुधा ठरलेली असते. ‘पुस्तकात होते ते चित्रपटात नाही’ असे तरी तो म्हणतो, किंवा ‘अगदी पुस्तकाप्रमाणेच आहे’ असा निर्वाळा देतो. पहिले विधान तक्रार म्हणून आणि दुसरे प्रशंसा म्हणून केले जाते. दोन्ही विधानांमागे एकच गृहीतक आहे. मूळ कलाकृती हा एक पक्का दस्तऐवज असून चित्रपट ही त्याची नक्कल आहे आणि नक्कल मुळाशी ताडून पाहणे हेच समीक्षकाचे काम आहे, असे हे गृहीतक होय. ‘साहित्य आणि माध्यमांतर’ हा विषय विद्यापीठीय अभ्यासक्रमात आल्यानंतरही पुष्कळदा आपण विद्यार्थ्यांकडून साम्य-भेदांच्या याद्याच लिहून घेतो. अशा यादीतून काय गाळले आणि काय वाढवले हे कळते. परंतु गाळल्याने नेमके काय गमावले आणि वाढवल्याने काय साधले, हे कळत नाही.

प्रस्तुत लेखात व्यंकटेश माडगूळकर यांची ‘बनगरवाडी’ (१९५५) ही कादंबरी आणि अमोल पालेकर दिग्दर्शित त्याच नावाचा चित्रपट (१९९५) यांच्या आधारे निष्ठेच्या प्रश्नाचा विचार केला आहे. चित्रपट मूळ कृतीशी किती एकनिष्ठ आहे, या प्रश्नाच्या आधी मूळ कृती स्वतः कशाशी एकनिष्ठ होती हा प्रश्न विचारला पाहिजे, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

‘बनगरवाडी’ची निष्ठा कशाशी?

माणगंगेच्या खोऱ्यातील माण, आटपाडी, सांगोला या तालुक्यांचा आणि लगतच्या मुलखाचा मिळून जो माणदेश होतो, तो पर्जन्यछायेचा प्रदेश. माडगूळकरांचे माडगूळ हे गाव आज सांगली जिल्ह्याच्या आटपाडी तालुक्यात असले, तरी त्यांच्या लहानपणी हा भाग औंध संस्थानात होता. ‘माणदेशी माणसं’ (१९४९) या व्यक्तिचित्रसंग्रहाने त्यांनी या मुलखाला मराठी साहित्यात स्थान मिळवून दिले आणि ‘बनगरवाडी’ने त्या स्थानाला खोली दिली.

या कादंबरीला रूढ अर्थाने कथानक नाही. धनगरांच्या एका लहानशा वाडीवर राजाराम विठ्ठल सौंदणीकर हा तरुण मास्तर नेमणुकीवर येतो. शाळा नावापुरतीच आहे. मुले मेंढरांमागे आहेत. कारभाऱ्याच्या आधाराने शाळा भरू लागते. मास्तर लोकांची पत्रे लिहितो, तंटे ऐकतो. वाडी आपल्या श्रमाने तालीम बांधते आणि तिच्या उद्घाटनाला राजेसाहेब येतात. पुढे पाऊस दगा देतो, मेंढरे मरू लागतात, माणसे जगायला बाहेर पडतात आणि मास्तर ओस वाडी मागे ठेवून जातो. इतकेच घडते. नायक-खलनायक, संघर्षाचा चढता आलेख, उत्कर्षबिंदू यांपैकी काहीही येथे नाही.

म्हणून या कादंबरीची निष्ठा घटनांशी आहे असे म्हणता येत नाही. ती तीन गोष्टींशी आहे. पहिली गोष्ट, निवेदकाची जागा. मास्तर वाडीचा नाही. पण त्याच मुलखातला आहे. तो आत आहे आणि बाहेरही आहे. शेकूचा एकच बैल उरल्यावर त्याची बायको दुसऱ्या बैलाच्या जागी जू खांद्यावर घेते. हा प्रसंग तो सांगतो. पण त्यावर भाष्याचा डोंगर रचत नाही. दुसरी गोष्ट, भाषेची दुपदरी वीण. निवेदन नेमस्त प्रमाण मराठीत आणि संवाद माणदेशी बोलीत, यामुळे मास्तर आणि वाडी यांतील अंतर व जवळीक दोन्ही सतत जाणवत राहतात. तिसरी गोष्ट, काळाची गती. दुष्काळ एके दिवशी कोसळत नाही; तो दिवसादिवसाने येतो. वाचकालाही त्याची चाहूल तितक्याच सावकाश लागते.

चित्रपटाने काय राखले?

या चित्रपटाची पटकथा स्वतः माडगूळकरांची होती. राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळ आणि दूरदर्शन या सार्वजनिक संस्थांच्या पाठबळामुळे व्यावसायिक चित्रपटाची अनेक दडपणे दूर राहिली. राष्ट्रीय पुरस्कारांत तो सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला. मूळ लेखकच पटकथाकार असेल तर निष्ठेचा प्रश्न निकालात निघतो, असे वरवर वाटेल. प्रत्यक्षात तो याच ठिकाणी अधिक स्पष्टपणे उभा राहतो. लेखक तोच, प्रसंग तेच, माणसे तीच; आणि तरीही चित्रपट ही वेगळी कृती का होते, हे येथे निर्लेपपणे पाहता येते.

या चित्रपटाची पहिली पुण्याई त्याच्या संयमात आहे. अंजी मास्तरला चोळी शिवून आणायला सांगते, या प्रसंगावर एक प्रेमकथा उभी करणे पटकथेच्या दृष्टीने सोयीचे होते. रामोशी आणि धनगर, कारभारी आणि मास्तर यांत सरळ वैर उभे करणेही सोपे होते. हे दोन्ही मोह टाळले गेले. कथानक नसलेल्या कादंबरीवर कथानक लादले गेले नाही, ही चित्रपटाची मोठी निष्ठा होय. प्रसंगांची बेरीज-वजाबाकी करणाऱ्या समीक्षेला ती दिसत नाही. कारण जे केले नाही त्याची नोंद यादीत होत नसते.

माध्यमाने काय बदलले?

कादंबरीतील ‘मी’ चित्रपटात ‘तो’ होतो, हा पहिला बदल. कादंबरी वाचताना मास्तर आपल्याला दिसत नाही. त्याच्या डोळ्यांनी वाडी दिसते. पडद्यावर चंद्रकांत कुलकर्णी यांचा मास्तर वाडीइतकाच दिसणारा असतो. पाहणारा स्वतः पाहण्याचा विषय बनतो. कॅमेऱ्याला एकच माणूस होऊन राहणे अवघड असते. परिणामी, निवेदकाच्या अर्ध्या आत, अर्ध्या बाहेर असण्यातून येणारा ताण चित्रपटात मंदावतो. हा दिग्दर्शकाचा दोष म्हणता येणार नाही. मात्र तो माध्यमाने आकारलेला मोबदला आहे, हे समीक्षेने नोंदवले पाहिजे.

दुसरा बदल भाषेचा. कादंबरीतील वर्णन चित्रपटात दृश्य होते आणि शब्दांत प्रामुख्याने उरतात ते संवाद. म्हणजे दोन मराठींपैकी मुख्यतः एकच कानावर पडते. वाचकाला जी बोली प्रमाण निवेदनाच्या पार्श्वभूमीवर उठून दिसत होती, ती प्रेक्षकाला सर्वत्र ऐकू येते. यात बोलीला स्वायत्तता मिळते, हा लाभ आहे. तिच्याकडे पाहणाऱ्या शिकलेल्या मनाची अस्वस्थता मात्र कमी होते, ही हानी आहे.

तिसरा बदल काळाचा आहे आणि तो सर्वांत महत्त्वाचा आहे. कादंबरी आणि चित्रपट यांच्यात चाळीस वर्षांचे अंतर आहे. १९५५ च्या वाचकाला औंध संस्थान विलीन होऊन सातच वर्षे झाली होती. सूर्यनमस्काराचे पुरस्कर्ते असलेले औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी त्याच्या आठवणीतले होते. वाडीने तालीम बांधावी आणि राजाने तिच्यासाठी यावे, यातील स्वाभाविकता त्याला सांगावी लागत नव्हती. १९९५ च्या प्रेक्षकासाठी तोच प्रसंग इतिहास झाला होता. शिवाय मधल्या काळात १९७२ चा दुष्काळ येऊन गेला होता. खडी फोडण्याची कामे, सुकडी, मिलो या शब्दांनी महाराष्ट्राच्या मनातील दुष्काळाचे चित्रच पालटून टाकले होते. कादंबरीतील दुष्काळात शासकीय कामांची अशी गजबज नाही. तेथे माणसे नुसती पांगतात. १९७२ पाहिलेला प्रेक्षक ते पांगणे पाहतो तेव्हा त्याच्या मनात दुसरा दुष्काळ जागा असतो. प्रसंग शब्दशः तोच ठेवला तरी त्याचा अर्थ तोच राहत नाही. तंतोतंत निष्ठा ही केवळ अनिष्ट नव्हे, तर अशक्य आहे, याचा याहून बोलका पुरावा शोधण्याची गरज नाही.

याच मुलखातील दुसरे उदाहरण

औंध संस्थानातून आणखी एक चित्रपट निघाला, त्याचे मूळ मात्र पुस्तक नव्हते. १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही खुली वसाहत सुरू झाली. शिक्षा झालेल्या कैद्यांना तेथे भिंतीविना, शेती करत, कुटुंबासह राहता येऊ लागले. व्यंकटेश माडगूळकरांचे थोरले बंधू ग. दि. माडगूळकर यांनी या प्रयोगावर आधारित कथा लिहिली आणि व्ही. शांताराम यांनी ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) काढला. त्याला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले आणि बर्लिनच्या महोत्सवातही गौरव झाला.

या चित्रपटाने वास्तवाशी घेतलेली फारकत मोठी आहे. वास्तवातील वसाहतीचा आधार कुटुंब हा होता. चित्रपटातील सहा कैदी एका जेलरच्या नजरेच्या धाकात सुधारतात. वास्तवातील तत्त्व विश्वासाचे होते, चित्रपटातील तत्त्व नैतिक पहाऱ्याचे आहे. शेवटी जेलर बैलाशी झुंजताना मरतो. प्रत्यक्षातला प्रयोग असल्या हौतात्म्यावर उभा नव्हता. तरीही माणूस मूलतः सुधारू शकतो, ही प्रयोगामागची श्रद्धा चित्रपटाने देशभर पोहोचवली. तपशिलाशी द्रोह आणि श्रद्धेशी निष्ठा असे हे मिश्रण आहे. दोन्ही बाजू एकदम मांडल्याशिवाय त्याचे मूल्यमापन पुरे होत नाही. कुटुंब वगळल्याने प्रयोगाचा सर्वांत क्रांतिकारक भाग लोकांपर्यंत पोहोचलाच नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे म्हणावे लागते.

स्वातंत्र्य कोठे संपते?

बदल म्हणजे द्रोह नव्हे. बिभूतिभूषण बंदोपाध्याय यांच्या ‘पथेर पांचाली’त दुर्गेला आगगाडी पाहायला मिळत नाही, सत्यजित राय यांच्या १९५५ च्या चित्रपटात ती अपूबरोबर गाडी पाहते. हा बदल लहान नाही. पण त्यामुळे कादंबरीतील बालपणाची ओढ उणावत नाही. आपल्याकडे ‘पिंजरा’ने (१९७२) ‘द ब्ल्यू एंजल’ या १९३० च्या जर्मन चित्रपटाचा गाभा तमाशाच्या फडात आणला. मुळातला शिक्षक गावच्या मास्तराच्या रूपात इतका रुजला की मूळ परके होते याची आठवणही पुष्कळांना राहिली नाही.

याउलट ‘सैराट’ (२०१६) आणि त्यावरून निघालेला हिंदी ‘धडक’ (२०१८) यांचा विचार करावा. नागराज मंजुळे यांचा चित्रपट करमाळ्याच्या परिसरात घडतो. पाटलाची मुलगी आणि मासेमारी करणाऱ्या घरातला मुलगा यांची ती कथा आहे. वर्गात शिकवणाऱ्या प्राध्यापकाच्या कानशिलात पाटलाचा मुलगा मारतो, त्या एका प्रसंगातून गावातील सत्तेची रचना उघड होते. ती प्रेमिकांच्या वाट्याला नंतर जे येते त्याची पूर्वसूचना आहे. ‘धडक’मध्ये कथा उदयपूरला जाते. कथेचा सांगाडा, गाण्यांच्या चाली, पळून जाणे हे सारे राहते. जात मात्र फिकी होते आणि तिची जागा श्रीमंती, प्रतिष्ठा व राजकारण घेते. प्रसंगांच्या यादीत हा पुनर्निर्माणाचा प्रयत्न बराच ‘एकनिष्ठ’ ठरेल. प्रत्यक्षात मूळ चित्रपट ज्या वास्तवाला उत्तरदायी होता, ते वास्तवच येथे वगळले गेले आहे. स्थळ बदलले ही तक्रार नव्हे. राजस्थानातही जातिव्यवस्था आहे. तिच्याकडे तितक्याच धीटपणे पाहिले असते तर तो बदल मुळाशी अधिक इमानी ठरला असता.

येथे निष्ठेचा निकष स्पष्ट होतो. माध्यमांतर करणाऱ्याला घटना, स्थळ, शेवट, पात्रांची संख्या बदलण्याचे स्वातंत्र्य आहे. ज्या माणसांच्या जगण्यातून मूळ कृती आली, त्या माणसांबाबतचे मूळ कृतीचे सत्य खोटे ठरवण्याचे स्वातंत्र्य मात्र त्याला नाही. त्याला ते नाकारायचे असेल तर उघड वाद घालावा. मुळाचे नाव व आकर्षण वापरून ते गुपचूप पुसून टाकू नये.

अध्यापनाच्या दृष्टीने

हा प्रश्न केवळ सौंदर्यशास्त्रीय नाही. माणदेशातील महाविद्यालयात ‘बनगरवाडी’ शिकवताना समोरच्या बाकांवर मेंढपाळ कुटुंबांतील मुलेमुली असतात. त्यांच्यासाठी हा ‘ग्रामीण साहित्याचा नमुना’ नसून आजोबा-पणजोबांच्या काळाची नोंद आहे. कादंबरी न वाचता चित्रपट पाहिलेल्या विद्यार्थ्याला वाडी बाहेरून दिसते. केवळ कादंबरी वाचलेल्याला मास्तराच्या डोळ्यांनी दिसते. वाडीने स्वतःकडे कसे पाहिले असते, हा तिसरा प्रश्न दोन्ही कृती शेजारी ठेवल्यावरच वर्गात उभा राहतो. तेथे कादंबरीच्याही मर्यादा दिसू लागतात. मास्तराच्या नजरेत अंजीला किती जागा मिळाली, शेकूच्या बायकोला स्वतःचे बोलणे किती मिळाले, हे विचारता येते. उद्या या मुलांपैकी एखादीने ‘बनगरवाडी’ पुन्हा पडद्यावर आणली आणि ती जू ओढणाऱ्या बाईच्या बाजूने सांगितली, तर माडगूळकरांच्या शब्दापासून ती कृती दूर गेलेली असेल. परंतु माडगूळकर ज्या माणसांशी इमानी राहिले, त्यांच्या ती अधिक जवळ असू शकेल.

निष्कर्ष

१. मूळ कृतीशी तंतोतंत निष्ठा अशक्य आहे. कारण माध्यम बदलले नाही तरी काळ आणि प्रेक्षक बदललेले असतात.

२. मूळ लेखकाचा सहभाग निष्ठेची हमी देत नाही. ‘मी’चा ‘तो’ होणे आणि दुपदरी भाषेतील एक पदर मागे पडणे लेखकालाही टाळता येत नाही.

३. चित्रपटाने काय गाळले यासोबतच कोणते मोह टाळले, हेही समीक्षेने नोंदवले पाहिजे. पालेकरांच्या ‘बनगरवाडी’चे श्रेय मुख्यतः याच खाती जमा होते.

४. निष्ठा मापायची ती प्रसंगांच्या संख्येवर नव्हे, तर मूळ कृती ज्या जीवनाला उत्तरदायी होती त्या जीवनाशी नवी कृती किती उत्तरदायी राहते, यावर.

हा निकष स्वीकारला तर चित्रपट पाहून आलेला विद्यार्थी ‘पुस्तकाप्रमाणे आहे का?’ या प्रश्नावर थांबणार नाही. ‘हे कोणाबद्दल आहे, आणि त्यांच्याबद्दल खरे आहे का?’ असे तो पुस्तकालाही विचारू लागेल.