नीरेचा नकार

टेलिव्हिजनवर नायक-नायिका जरा जवळ आली की घरोघरी कोणाला तरी तहान लागते. आजोबा चष्मा पुसू लागतात, आईला दूध उतू जाईलसे वाटते. पूर्वी दिग्दर्शकच आपली लाज राखीत असत; दोन फुले एकमेकांवर डोलली की झाले! पुढे पाऊस आला, भिजलेले पातळ आले. किती दाखवावे, हा वाद अजून चालूच आहे. मला तो दुय्यम वाटतो. त्या दोघांपैकी बाईला कोणी विचारले का, एवढेच मी पाहतो.

व्ही. शांताराम यांचा 'कुंकू' या कसोटीला आजही उतरतो. १९३७ सालचा प्रभातचा हा बोलपट ना. ह. आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरून निघाला. नीरेचे लग्न फसवून एका म्हाताऱ्या विधुर वकिलाशी लावले जाते. ती मात्र त्याला नवरा मानायला तयार नाही. गोष्ट उघडउघड शय्यागृहाची. तरी ती लेकीसुनांसह पाहता येते, कारण शांतारामबापू कॅमेरा नीरेच्या अंगावर फिरवीत नाहीत. काकासाहेबांच्या केविलवाण्या हौसेवर रोखतात. आरशापुढे वय लपवू पाहणारा म्हातारा, आणि भिंतीवरचे ते जुने घड्याळ! पार्श्वसंगीताचा टेकूसुद्धा घेतलेला नाही. केशवराव दात्यांनी या माणसाचा राक्षस होऊ दिला नाही, हे त्यांचे मोठेपण. शांता आपटे यांची नीराही दयेची भीक मागत नाही. नाही म्हणजे नाही.

वयाने तिच्या जोडीचा सावत्र मुलगा लगट करू पाहतो, तेव्हा तोही चांगला चोप खातो. म्हणजे प्रश्न एकट्या म्हातारपणाचा नव्हता. विचारल्यावाचून तरुणानेही हात लावायचा नव्हता. नीरेच्या बाजूने उभी राहणारी विधवा मुलगी शकुंतला परांजपे यांनी केली आहे. पुढे संततिनियमनाच्या कामात आयुष्य वेचले, त्याच या बाई.

खटकतो तो शेवट. काकासाहेब नीरेला मुलगी मानतात आणि जीव देतात. मुंबई प्रांतात हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा १९४७ साली आला; तेव्हा दिग्दर्शकापुढे वाटा थोड्याच होत्या, हे मान्य. पण नीरेने इतकी झुंज देऊन जे मिळवले, ते अखेर म्हाताऱ्याच्या दानाच्या खाती जमा झाले.