अंतराळातील अंतर

गेल्या पावसाळ्यात आमच्या शहराच्या औरंगपुरा भागातील एका वाचनालयातून अंतराळप्रवासावरील एक मराठी कादंबरी मी मोठ्या अपेक्षेने घरी आणली आणि दोन रात्रींत वाचून संपविली. परंतु ती मिटताना मनात जी खिन्नता दाटून आली ती त्या एका पुस्तकापुरती नव्हती, म्हणून तिचे अथवा तिच्या कर्त्याचे नाव घेण्याचे प्रयोजन मला वाटत नाही. शनीच्या कड्यांजवळ यानात बिघाड झाल्याचे कथानायक पृथ्वीवरील अधिकाऱ्यास कळवितो आणि पुढल्याच ओळीत त्या अधिकाऱ्याचा हुकूम त्याच्या कानी पडतो. वस्तुतः शनीपासून येथवर पोहोचण्यास प्रकाशालाही तासाहून अधिक अवधी लागतो. म्हणजे प्रश्न आणि उत्तर यांच्या दरम्यानचे दोन तास आणि वर काही मिनिटे तो एकाकी मनुष्य काय करील, कोणाचे स्मरण करील, कोणता निर्णय स्वतःच्या जबाबदारीवर घेऊन मोकळा होईल, हीच खरी कादंबरी होती, आणि ती दोन ओळींमधील कोऱ्या जागेत हरवून गेली. आपल्या भाषेने त्या प्रदेशाला दिलेल्या नावातच 'अंतर' आहे. २४ सप्टेंबर २०१४ च्या सकाळी मंगळयान ग्रहाआड गेले असता त्याच्या संदेशाची, जो येण्यास बारा मिनिटांहून अधिक वेळ घेत होता, वाट पाहणारे बंगळूरूचे शास्त्रज्ञ ज्यांनी दूरदर्शनवर पाहिले, त्यांना या अंतराचे नाट्य निराळे समजावून सांगावे लागणार नाही.

मराठीला हा विषय नवा आहे असेही नाही. ज्यूल व्हर्नची चंद्रलोकीची सफर 'केरळ कोकिळ' मासिकाने १९०० साली मराठीत आणली, पुढे भा. रा. भागवतांनी त्याच व्हर्नला आमच्या मुलांच्या घरचा केला. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत नारायण विनायक जगताप या टोपणनावाने, आपलीच आद्याक्षरे उलटी करून, 'कृष्णविवर' ही कथा धाडणाऱ्या जयंत नारळीकरांनी या वाङ्मयाला प्रतिष्ठा मिळवून दिली. बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर यांनी ती वाढविली. मात्र हा सारा संसार मुख्यतः स्पर्धा आणि दिवाळी अंक यांच्या आश्रयाने उभा राहिला, आणि माझ्या मते दुखण्याचे मूळ येथेच आहे. दहा पानांची कथा एका चमत्कृतिपूर्ण शास्त्रीय कल्पनेवर तरून जाते. कादंबरीला मुक्काम लागतो, कंटाळा लागतो, शिधा लागतो. नारळीकरांच्या 'प्रेषित'ने लांब पल्ल्याची वाट दाखविली खरी, पण त्या वाटेने पुढे गेलेले फार थोडे.

साहस म्हणजे काय हे शिकण्यासाठी आमच्या लेखकाला परकीय आदर्शांकडे धाव घेण्याचीही गरज नाही. देवगिरी किल्ल्याच्या 'अंधारी' या काळोख्या भुयारी वाटेने जो एकदा वर चढला आहे, ज्याने वटवाघळांचा तो उग्र दर्प सोसला आहे आणि पुढल्या पायरीचा अंदाज भिंत चाचपडत घेतला आहे, त्याला भीती ही पावलापावलाने मोजायची वस्तू आहे हे ठाऊक असते. १८५७ च्या धामधुमीत उत्तरेत सापडलेले गोडसे भटजी 'माझा प्रवास'मध्ये किती मिळाले, किती लुटले गेले, याचा कारकुनी चोखपणाने दाखला देतात, आणि अखेरीस आईबापांसाठी गंगेची कावड खांद्यावरून वाहून आणतात; त्या कावडीचे ओझे वाचकाच्या खांद्यालाही जाणवते. आमच्या कादंबरीतील यान शनीपर्यंत जाऊन येते आणि त्याच्या कोठारात काय होते, किती उरले, याची एका शब्दाने वाच्यता होत नाही.

ज्या शहरात नळाला पाणी कोणत्या दिवशी येणार याच्या हिशेबावर घरातील धुणे, पाहुणे आणि सणवार ठरतात, जेथे गृहिणी पिंप आणि हंडे यांची मोजदाद पाठ ठेवते, तेथील वाचकाला ही उणीव प्रथम खटकावी यात नवल नाही. पुस्तक परत करण्यापूर्वी चाळताना, यान पृथ्वीची कक्षा सोडते त्या पानाच्या समासात, माझ्या आधी वाचून गेलेल्या कोणा मुलाने शिसपेन्सिलीने, वळण अजून न बसलेल्या अक्षरांत लिहिलेले दोन शब्द मला दिसले: 'पाणी किती?'