मुलींच्या शाळेचा उंबरठा : दोन कथनांचे वाचन

रमाबाई रानडे यांचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ (१९१०) आणि उर्मिला पवार व मीनाक्षी मून यांच्या ‘आम्हीही इतिहास घडवला’ (१९८९) या ग्रंथातील जाईबाई चौधरी यांची हकीकत, ही दोन कथने मुलींच्या शाळेतील प्रवेशाच्या अंगाने वाचण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे. स्त्रीविषयक लेखनाच्या आपल्या समीक्षेत ‘शाळा’ बहुधा मुक्तीचे प्रतीक म्हणून येते. तिच्या दारात निवड कोणाची झाली, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो.

१८८४ साली पुण्यात मुलींचे हायस्कूल, म्हणजेच हुजूरपागा, सुरू झाले. न्या. रानडे, रा. गो. भांडारकर, वेडरबर्न यांच्या पुढाकारातून उभ्या राहिलेल्या या शाळेच्या अभ्यासक्रमाला टिळकांचा कडवा विरोध होता. अशा शाळेच्या मागणीसाठी भरलेल्या सभेत रमाबाईंनी गव्हर्नरांपुढे इंग्रजी मानपत्र वाचले आणि त्यापायी घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांचा रोष ओढवून घेतला. रमाबाई हा प्रसंग संयमाने सांगतात. त्यांच्या निवेदनाची खरी ताकद या संयमात आहे. परंतु तेथील संघर्ष माजघर आणि सभागृह यांच्यामधला आहे. सभागृहात पाऊल टाकण्याचा हक्क ज्यांच्याकडे मुळातच नव्हता, त्या स्त्रिया या चित्रात दिसत नाहीत. हा रमाबाईंचा दोष नव्हे. आपल्या वाचनाचा आहे.

जाईबाईंची हकीकत नागपूरची आहे. १८९२ साली उमरेड येथे जन्मलेल्या, कामठी ते नागपूर डोक्यावरून ओझी वाहणाऱ्या या महार स्त्रीला मिस ग्रेगरी या मिशनरी बाईंनी शिकविले आणि मिशनच्या शाळेत शिक्षिका म्हणून नेमले. शिकविणारी अस्पृश्य आहे हे कळताच सवर्ण पालकांनी आक्षेप घेतला आणि जाईबाईंची नोकरी गेली. इंग्लंडात १९४४ च्या कायद्यानंतर ग्रामर स्कूलचा प्रवेश अकराव्या वर्षीच्या परीक्षेवर ठरू लागला. त्या निवडीवर पुढे पुष्कळ वादही झाला. कारण ती निवड उघड होती, तिला गुणपत्रक होते. जाईबाईंना बाहेर काढणाऱ्या निवडीला गुणपत्रक लागले नाही. १९२२ मध्ये त्यांनी नागपुरात संत चोखामेळा यांच्या नावाने स्वतःची मुलींची शाळा काढली.

या हकीकतीची शैली कोरडी, नोंदवजा आहे. त्यामुळेच की काय, रमाबाईंचे पुस्तक आपण वाङ्मय म्हणून शिकवितो आणि ‘आम्हीही इतिहास घडवला’ चळवळीचा दस्तऐवज म्हणून संदर्भसूचीत ठेवतो. हे वर्गीकरण प्रस्तुत लेखिकेला मान्य होण्यासारखे नाही. जाईबाईंच्या वाट्याला आलेला मौनाचा भाग अधिक मोठा आहे आणि त्याचे वाचन करण्यास समीक्षेची अधिक कसोटी लागते. १९३७ मध्ये नागपुरातच अखिल भारतीय महिला परिषद भरली असता जाईबाई व त्यांच्या सहकारी स्त्रियांना भोजनासाठी वेगळे बसविण्यात आले. परिषदेतील सुशिक्षित स्त्रिया रमाबाईंनी ज्यासाठी बोलणी खाल्ली त्या शिक्षणाच्याच वारसदार होत्या. १ जानेवारी १९३८ रोजी जाईबाईंच्या पुढाकाराने दलित स्त्रियांनी नागपुरात निषेध सभा घेतली.