चंद्र किती घासावा?

मे २०२१ मध्ये पुण्याच्या प्रथमेश जाजू या सोळा वर्षांच्या मुलाने घेतलेले चंद्राचे छायाचित्र देशभर गाजले. कृष्ण अष्टमीच्या सुमाराचा चंद्र, ५० हजारांहून अधिक चौकटी, १८६ गिगाबाइट माहिती आणि संगणकावर ३८ ते ४० तासांची मेहनत, असा तपशील बातम्यांत आला. चित्र देखणे आहे, याविषयी दुमत नाही. पण विद्यार्थ्यांना ते दाखवण्यापूर्वी शिक्षकाने एक प्रश्न स्वतःला विचारायला हवा. यातले चंद्राचे किती आणि संगणकाचे किती?

प्रथम चौकटींविषयी. दुर्बिणीतून चंद्र पाहिला की तो पाण्याखालच्या नाण्यासारखा हलताना दिसतो. ही वातावरणाची थरथर असते. म्हणून हौशी निरीक्षक एक छायाचित्र घेत नाहीत. ते चंद्राच्या एकेका भागाचे चलचित्रण करतात, त्यातल्या स्थिर चौकटी निवडतात, त्या एकमेकींवर बसवतात आणि सरासरी काढतात. १०० चौकटींची सरासरी घेतली तर कॅमेऱ्यातला दाणेदारपणा दहापट कमी होतो. वीसपट कमी करायचा तर ४०० चौकटी लागतात. ५० हजारांचा आकडा ऐकून आपण दिपून जातो. पण त्या चौकटी चंद्राच्या निरनिराळ्या भागांत वाटलेल्या असतात. शिवाय दुर्बिणीच्या भिंगाची मर्यादा चौकटी वाढवून ओलांडता येत नाही. सहा इंची दुर्बीण चंद्रावर साधारण दीड किलोमीटरपेक्षा लहान तपशील वेगळा दाखवू शकत नाही. ९३ किलोमीटर व्यासाचे कोपर्निकस विवर ती उत्तम दाखवील; त्यातला एखादा खडक कधीच नाही.

सरासरीमुळे चित्र स्वच्छ होते, पण मऊ राहते. त्याला धार लावण्याची युक्ती संगणकाच्या आधीची, काळोख्या खोलीतली आहे. तिचे तत्त्व फळ्यावरही करून दाखवता येईल. एका ओळीतील ठिपक्यांची उजळता २, २, २, ८, ८, ८ अशी आहे असे समजा. प्रत्येक ठिपक्याची त्याच्या दोन्ही शेजाऱ्यांसह सरासरी काढली (टोकाचे ठिपके तसेच ठेवले) तर अस्पष्ट प्रत मिळते : २, २, ४, ६, ८, ८. मूळ आकड्यांतून ही प्रत वजा करून आलेला फरक मुळात मिळवला की उत्तर येते : २, २, ०, १०, ८, ८. कड उठून दिसू लागली. पण नीट पाहा. मूळ ओळीत ० कुठेही नव्हता आणि १० देखील नव्हता. हेच जास्त प्रमाणात केले की विवरांच्या कडांना दुहेरी रेषा येतात, चंद्राच्या कडेला पांढरी किनार उमटते आणि समुद्रांच्या सपाट पृष्ठभागावर नसलेले खडबडीतपण दिसते. नवख्याला हाच तपशील वाटतो. सुरीला धार लावताना पाते झिजते, तसेच हे आहे.

आता रंगांविषयी. डोळ्यांना चंद्र करडा दिसतो. या चित्रातले निळसर आणि तांबूस पट्टे मात्र खोटे नाहीत. टायटॅनियम जास्त असलेला बेसाल्ट किंचित निळसर असतो. अॅरिस्टार्कसजवळचे पठार पिवळट तपकिरी असते. हा फरक अतिशय सूक्ष्म आहे व तो अनेक पटींनी वाढवलेला आहे. जाजू यांनी हे लपवले नव्हते. खोलीचा भास व्हावा म्हणून दोन चित्रे एकत्र केल्याचे आणि हा चंद्राच्या खनिजांचे रंग दाखवणारा प्रकार असल्याचे त्यांनी सांगितले होते. माझी तक्रार आहे ती ‘चंद्राचे सर्वात स्पष्ट छायाचित्र’ अशा थाटात ते पुढे पाठवणाऱ्यांविषयी. ते चित्र पाहून आलेला विद्यार्थी शाळेच्या दुर्बिणीला डोळा लावतो, त्याला करडा, थरथरता चंद्र दिसतो आणि तो विचारतो, “सर, आपली दुर्बीण बिघडली आहे का?” या प्रश्नाचे उत्तर चित्राखालच्या दोन ओळींत देता आले असते.

याच्या पलीकडचा धोकाही २०२३ मध्ये दिसला. एकाने चंद्राचे मुद्दाम धूसर केलेले चित्र संगणकाच्या पडद्यावर लावले आणि अंधाऱ्या खोलीत सॅमसंगच्या फोनने त्याचा फोटो घेतला. फोनने पडद्यावर नसलेली विवरे फोटोत उमटवली. धार लावणे म्हणजे आलेल्या प्रकाशातला फरक वाढवणे. हे तर आठवणीतून चित्र रेखाटणे झाले. पहिल्याला प्रक्रिया म्हणता येईल, दुसऱ्याला निरीक्षण म्हणता येणार नाही.

बीड जिल्ह्यातल्या शाळांना या कामात निसर्गाची साथ आहे. बीड सुमारे १९ अंश उत्तर अक्षांशावर असल्याने चंद्र अनेकदा जवळजवळ माथ्यावर येतो आणि त्याचा प्रकाश हवेच्या कमी थरांतून येतो. युरोपातल्या निरीक्षकांना हे भाग्य नाही. मात्र दिवसभर तापलेल्या पत्र्याच्या छपरावरून चंद्र पाहू नका. मैदानात मातीवर दुर्बीण मांडा आणि ती तासभर थंड होऊ द्या. तिथे वाचलेली थरथर कोणत्याही संगणकाला पुढे काढावी लागत नाही.

विद्यार्थ्यांनी काढलेल्या चित्राशेजारी नेहमी एक मूळ, प्रक्रिया न केलेली चौकट लावावी. खाली दुर्बिणीचा व्यास, चौकटींची संख्या, धार किती लावली व रंग वाढवले का, हे लिहावे. शंकास्पद तपशील चंद्राच्या नकाशाशी ताडून पाहावा आणि दुसऱ्या रात्री पुन्हा चित्रण करावे. खरे विवर पुन्हा सापडेल. जाजू यांच्या चित्राची चिकाटी मुलांनी जरूर घ्यावी. ते सजवले कसे हेही त्यांना कळावे. चंद्र घासून पुसून लख्ख करायला हरकत नाही. किती घासला ते तेवढे लिहून ठेवावे.