विज्ञानकादंबरीतील स्वभावविरोध

विज्ञानकादंबरीतील पात्रे ही माणसे नसून कल्पनेची वाहने असतात, असा आक्षेप वारंवार घेतला जातो. एक पात्र विवेकी, दुसरे भावनाप्रधान, अशी गुणांची वाटणी केली की स्वभावविरोध साधला, या समजुतीमुळे तो पुष्कळदा खराही ठरतो. वस्तुतः एकाच घटनेचे दोन मनांत भिन्न अर्थ लागणे, हे खऱ्या विरोधाचे मूळ होय. उर्सुला ल ग्विन यांची ‘द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस’ (१९६९) ही कादंबरी या दृष्टीने अभ्यसनीय आहे.

गेथेन या हिमग्रहावरील माणसांना महिन्यातील काही दिवस वगळता लिंगभेद नसतो. ग्रहसंघाचा दूत म्हणून तेथे गेन्ली आय हा पृथ्वीवासी येतो. करहाइड देशाचा पंतप्रधान एस्ट्रावेन त्याचा पाठीराखा असतो. आरंभीच एस्ट्रावेन त्याला भोजनास बोलावून सांगतो, की यापुढे राजापाशी तुमची बाजू मला मांडता येणार नाही. आय यास विश्वासघात समजतो. एस्ट्रावेनच्या लेखी ती संकटाची सूचना असते. करहाइडमध्ये थेट सल्ला देणे म्हणजे समोरच्याचा मान दुखावणे. एकाच्या सौजन्यात दुसऱ्याला कपट दिसते.

पुढे एस्ट्रावेन आयची बंदिवासातून सुटका करतो आणि दोघे हिमप्रदेश ओलांडतात. या प्रवासात आयचे निवेदन व एस्ट्रावेनची रोजनिशी आलटूनपालटून येतात. विशेष हा, की एस्ट्रावेनची निष्ठा आरंभापासून अखेरपर्यंत तीच राहते. बदलते ती आयची त्याला ओळखण्याची शक्ती. पात्राची गुंतागुंत येथे पाहणाऱ्याच्या मर्यादेतून प्रकट होते.

तथापि एक उणीव नोंदविली पाहिजे. एस्ट्रावेन आपल्याला मुत्सद्दी, निर्वासित, धाडसी सोबती अशा रूढार्थाने पुरुषी भूमिकांतच भेटतो. त्याचे मातृरूप अंधारात राहते. लेखिकेने १९७६ च्या आपल्या निबंधात हे मान्यही केले. पुल्लिंगी सर्वनामाने हा एकांगीपणा वाढविला आहे. मराठी लेखकापुढे तर हा प्रश्न अधिक बिकट होतो. इंग्रजी रोजनिशीतला ‘मी’ लिंगनिरपेक्ष राहू शकतो. मराठीत ‘मी गेलो’ किंवा ‘मी गेले’ म्हणताच निवड होऊन जाते. परग्रहावरील मन उभे करताना आपल्या कादंबरीकाराला प्रथम स्वभाषेच्या व्याकरणाशीच झगडावे लागेल.