टिकाऊतून टाकाऊ

‘पूर्वीच्या वस्तू दणकट असायच्या, हल्लीच्या वॉरंटी संपली की दुसऱ्या दिवशी बंद पडतात,’ हे वाक्य कानावर पडले नाही असा महिना जात नाही. त्यामागची चीड खरी आहे. दोषी कोण, असे विचारले तर उत्तरही ठरलेले असते : कंपन्या मुद्दामच कच्चा माल गळ्यात मारतात. हे उत्तर मला अर्धेच बरोबर वाटते, आणि त्या अर्ध्यावर समाधान मानल्यामुळे मूळ दुखणे नजरेआड राहते. प्रस्तुत लेखात उरलेल्या अर्ध्याचा शोध घ्यायचा आहे.

या आरोपाचा सर्वांत जास्त सांगितला जाणारा पुरावा म्हणजे विजेचा दिवा. १९२४च्या अखेरीस ओस्राम, फिलिप्स आणि जनरल इलेक्ट्रिकशी संबंधित कंपन्या अशा मोठ्या उत्पादकांनी जिनिव्हात ‘फीबस’ नावाचा संघ उभा केला. त्यांनी बाजारपेठा वाटून घेतल्या आणि घरगुती दिव्याचे आयुष्य १००० तासांवर बांधून टाकले. त्याआधी १५०० ते २००० तास जळणारे दिवे मिळत. सभासदांचे दिवे तपासले जात आणि ठरल्यापेक्षा जास्त जळणाऱ्या दिव्यांबद्दल दंड होई. म्हणजे कट होता, आणि तो कागदोपत्री होता.

पण याच कथेची दुसरी बाजू सहसा सांगितली जात नाही. टंगस्टनची तार जास्त तापवली तर तेवढ्याच विजेत अधिक उजेड मिळतो, मात्र ती लवकर तुटते. कमी तापवली तर तार टिकते, पण उजेड मंद होतो आणि तेवढ्याच उजेडासाठी वीज जास्त लागते. ब्रिटनच्या मक्तेदारी आयोगाने १९५१च्या अहवालात याच कारणाने १००० तासांचा निकष तांत्रिकदृष्ट्या अवाजवी मानला नाही. कॅलिफोर्नियात लिव्हरमोर इथल्या अग्निशमन केंद्रात १९०१पासून जळत असलेल्या दिव्याचे कौतुक सगळे करतात, पण तो आज रात्रीच्या झिरोच्या बल्बइतकाच उजेड देतो. १००० तासांच्या त्या आकड्यात लोभ होता तसे पदार्थविज्ञानही होते. केवळ आयुर्मान मोजून कंपनीची नियत ठरवता येत नाही, हा फीबसचा धडा आहे.

आजोबांच्या रेडिओबाबतही असेच म्हणावे लागेल. मर्फी किंवा बुश चाळीस वर्षे ‘चालला’ असे अभिमानाने सांगितले जाते. चालला म्हणजे नेमके काय झाले? व्हॉल्व्ह जात, कंडेन्सर गळत, डायलची दोरी तुटे, स्पीकरचा कागद फाटे. यातून जे संच वाचले तेच आज दिवाणखान्यात दिसतात; भंगारात गेलेल्यांची आठवण कोणी काढत नाही. वाचलेले का वाचले, हे मात्र पाहण्यासारखे आहे. मागचा पुठ्ठा काही स्क्रू काढले की निघे. व्हॉल्व्ह सॉकेटमध्ये बसवलेले असत, हाताने ओढून काढता येत. त्यांचे क्रमांक बऱ्याच अंशी सर्वमान्य असल्यामुळे एका कंपनीच्या संचात दुसऱ्या कंपनीचा व्हॉल्व्ह चाले. शिवाय संच महाग होता आणि मजुरी स्वस्त, त्यामुळे दुरुस्ती परवडे. ‘टिकाऊ’ हा शब्द आपण वस्तूचा अंगभूत गुण असल्यासारखा वापरतो. प्रत्यक्षात त्यात वस्तूबरोबर तिचे सुटे भाग, ती उघडू जाणणारा माणूस आणि त्याची परवडणारी मजुरी एवढे सगळे येते.

या विषयावरचे सर्वांत गाजलेले पुस्तक म्हणजे व्हॅन्स पॅकार्ड यांचे ‘द वेस्ट मेकर्स’ (१९६०). वस्तू जुनी ठरण्याचे त्यांनी तीन प्रकार केले : नवी वस्तू खरोखरच अधिक चांगले काम करते म्हणून, वस्तू लवकर मोडते म्हणून, आणि वस्तू धडधाकट असूनही मन विटते म्हणून. तिसऱ्या प्रकाराचा जाहीर पुरस्कार अमेरिकन डिझायनर ब्रूक्स स्टीव्हन्स १९५४पासून करत होते. पॅकार्ड यांचे वर्गीकरण आजही उपयोगी आहे. दुरुस्तीच्या वाढत्या खर्चाविषयीही ते लिहितात. पण त्यांच्या तीन कप्प्यांत एका चौथ्या प्रकाराला जागा नाही : वस्तूचा एक क्षुल्लक भाग निकामी होतो आणि ती उघडता येत नसल्यामुळे अख्खी वस्तू बाद होते. आजच्या ग्राहकाच्या संतापाचे घर मला या चौथ्या कप्प्यात दिसते.

दोन घटना शेजारी ठेवून पाहू. ऑगस्ट २००७मध्ये नोकियाने जाहीर केले की, मात्सुशिताने बनवलेल्या ‘बीएल-५सी’ जातीच्या ४ कोटी ६० लाख बॅटऱ्या चार्जिंगच्या वेळी जास्त तापू शकतात. ग्राहकाने काय करायचे? मागचे झाकण काढायचे, बॅटरीवरचा क्रमांक पाहायचा, सदोष गटातली असेल तर ती बदलून घ्यायची. फोन तोच राहिला. आता २०१६ पाहा. सॅमसंगच्या ‘गॅलक्सी नोट ७’ या फोनच्या बॅटऱ्या पेटू लागल्या. सप्टेंबरमध्ये सुमारे २५ लाख फोन परत बोलावले गेले. बदलून दिलेलेही पेटले, तेव्हा ऑक्टोबरमध्ये ते मॉडेलच बंद झाले. जानेवारी २०१७मध्ये चौकशीचा निष्कर्ष आला : दोष बॅटरीचा. दोन्ही घटनांची तीव्रता सारखी नव्हती, हे मान्यच आहे. तरीही पहिल्या वेळी सदोष भाग परत गेला आणि दुसऱ्या वेळी त्याच्याबरोबर चांगला पडदा, चांगला कॅमेरा आणि चांगली चिपही गेली. पुढे यांतल्याच काही फोनांत लहान बॅटरी घालून ते कोरियात विकले गेले, यावरून बाकीचे यंत्र किती शाबूत होते ते कळते.

यावर उत्पादकांचे म्हणणे असे की, फोन पातळ हवा, पाण्यापासून सुरक्षित हवा, तर तो गोंदाने बंद करणे भाग आहे. या युक्तिवादात तथ्य आहे, पण सांगितले जाते तेवढे नाही. २०१४चा ‘गॅलक्सी एस ५’ पाण्यात पडला तरी तगेल अशा मानांकनाचा होता आणि त्याची बॅटरी नखाने झाकण उघडून काढता येत होती. २०१५चा ‘एस ६’ काचेने बंद केलेला होता आणि त्याला ते मानांकनही नव्हते. म्हणजे बंद करण्याचे कारण पाणी नव्हते, दिसणे होते.

दुसऱ्या बाजूलाही न्याय दिला पाहिजे. माझ्या घरच्या वॉशिंग मशीनचे कार्ड गेले तेव्हा ते पारदर्शक राळेत बुडवलेले आढळले. मेकॅनिक म्हणाला, ‘रिले गेला असणार, पण तिथपर्यंत हात कसा घालू?’ नवे कार्ड मशीनच्या किमतीच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याला पडले. आता ही राळ निव्वळ खोडसाळपणा नाही. ओल, साबणाचे पाणी आणि झुरळे यांच्यापासून ती कार्ड वाचवते. कोकणातल्या पावसाळ्यात तिचा उपयोग कोणीही सांगेल. प्रश्न असा की, राळ घालणाऱ्याने रिले बाहेर, सुटा ठेवण्याचा विचार का केला नाही? मोडणे कमी करणे आणि मोडल्यावर दुरुस्त होऊ देणे या दोन वेगळ्या जबाबदाऱ्या आहेत. पहिली पाळून दुसरी टाळता येत नाही.

गोंद आणि राळ निदान डोळ्यांना दिसतात. २०११मध्ये ॲपलने ‘आयफोन ४’मध्ये पाच पाकळ्यांच्या खाचेचा स्क्रू आणला, त्यालाही काही दिवसांत पाना मिळाला. सॉफ्टवेअरचे कुलूप मात्र दिसत नाही. बॅटरी जुनी झालेल्या आयफोनचा वेग आपण कमी करतो, अशी कबुली ॲपलने डिसेंबर २०१७मध्ये दिली. फोन अचानक बंद पडू नये म्हणून हे केले, हे कंपनीचे स्पष्टीकरण तांत्रिकदृष्ट्या पटण्यासारखे होते. पण ग्राहकाला ते सांगितलेच नव्हते. फ्रान्समध्ये २०२०मध्ये अडीच कोटी युरोंचा दंड झाला तो ही माहिती न दिल्याबद्दल. बॅटरी बदलून भागले असते तिथे माणसाने नवा फोन घेतला असेल, तर त्याची फसवणूक यंत्रातल्या दोषाने नव्हे, मौनाने झाली.

फ्रान्सने २०१५मध्येच वस्तूचे आयुष्य हेतुपुरस्सर घटवणे गुन्हा ठरवला, पण हेतू सिद्ध करणे अवघड. म्हणून जानेवारी २०२१पासून तिथे फोन, लॅपटॉप, दूरचित्रवाणी संच अशा वस्तूंवर दुरुस्तीयोग्यतेचे १०पैकी गुण छापणे सक्तीचे झाले. नियतीऐवजी रचना मोजण्याची ही पद्धत मला अधिक शहाणपणाची वाटते. युरोपीय संघाच्या नियमानुसार फेब्रुवारी २०२७पासून उपकरणांतल्या लहान बॅटऱ्या, काही अपवाद वगळता, वापरणाऱ्याला स्वतः काढता-घालता आल्या पाहिजेत. आपल्याकडे डिसेंबर २०२२मध्ये केंद्र सरकारने ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केले; शेती अवजारे, मोबाइल-इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणे आणि वाहने ही त्यातली चार क्षेत्रे. पण पोर्टलवर माहिती देणे वेगळे आणि सुटा भाग माफक दरात मिळण्याची सक्ती वेगळी.

हे आपल्याला विशेष लागू आहे, कारण आपल्याकडे दुरुस्ती करणारी माणसे अजून आहेत. मुंबईचा लॅमिंग्टन रोड आणि पुण्यातली तपकीर गल्ली इथे, आणि तालुक्याच्या गावी एसटी स्टँडजवळच्या टपरीतही, सर्किटची आकृती हाती नसताना केवळ मल्टिमीटर आणि अनुभव यांच्या जोरावर बोर्ड जिवंत करणारे कारागीर बसलेले असतात. शाळेत आपल्याला ‘टाकाऊतून टिकाऊ’ शिकवले गेले. ही माणसे त्यावर पोट भरतात. वस्तू बंद होत गेली की त्यांची विद्याही बंद होते, आणि ती कोणत्याही ग्रंथालयात लिहून ठेवलेली नाही. एका पिढीने उमेदवारी करणे सोडले की ती संपेल. कंपनीच्या सेवाकेंद्रात ‘पूर्ण बोर्ड बदला’ एवढेच सांगणारा तरुण तिचा वारस होऊ शकत नाही, कारण त्याला बोर्डात काय बिघडले हे शोधण्याची परवानगीच नसते.

दिवाळीच्या जाहिरातींत कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल असतात, हप्ता असतो, जुन्या फोनची अदलाबदल असते. बॅटरी बदलायला किती पडेल, कार्ड किती वर्षे मिळेल, सॉफ्टवेअर कधीपर्यंत चालेल, या तीन गोष्टी त्यांत नसतात. त्या खोक्यावर किमतीशेजारी छापण्याची सक्ती व्हावी, ही मागणी काही फार मोठी नाही. औषधाच्या बाटलीवर मुदत छापतात. तशी छापा, एवढेच म्हणणे आहे. तोवर दुकानदाराला हे तीन प्रश्न बिल फाडण्याआधी विचारायला हरकत नाही.